उशिराची किंमत कोण मोजतो? भाड्याने दिलेलं घर, अडेल विक्रेता आणि १४० वर्षांचा कायदा

आजच्या भागाचा विषय एका श्रोत्याच्या मेलमधून आलाय. भाडेकरू राहत असलेला फ्लॅट विकत घ्यायचं ठरलंय. इसार देऊन झालाय. आणि आता विक्रेता दाद देत नाहीये. कागद मागितले की "पुढच्या आठवड्यात बघू". तारीख मागितली की "आधी भाडेकरूशी बोलतो". भाडं मात्र दर महिन्याला त्याच्याच खात्यात जमा होतंय. अशा माणसाशी वागायचं कसं?

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे "ही नोटीस पाठवा" असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही, त्यासाठी खरा वकील गाठा. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, आणि इतिहासाच्या बाजूने बघितलं तर एक गोष्ट लगेच दिसते. हा विक्रेता नवा नाहीये. आपल्याकडचे मालमत्तेचे कायदे आणि त्यांवरचे निकाल वाचत गेलं की तोच माणूस वेगवेगळ्या कपड्यांत पुन्हा पुन्हा भेटतो. आणि प्रत्येक वेळी भांडणाच्या तळाशी एकच प्रश्न असतो: व्यवहाराला उशीर झाला तर त्या उशिराची किंमत कोण मोजणार?

आज हाच धागा धरून जाऊया.

१८८२ : विक्रेत्याची कर्तव्यं कागदावर आली

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. गंमत म्हणजे तो सुरुवातीला मुंबई इलाख्याला लागूच नव्हता. इथे तो १ जानेवारी १८९३ पासून आला. पण आला तो आजपर्यंत टिकला, आणि आपल्या साठेखताच्या आणि खरेदीखताच्या मागे आजही तोच उभा आहे.

त्यातलं कलम ५४ आधी समजून घ्यायला हवं. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानेच होते. आणि विक्रीचा नुसता करार, म्हणजे आपलं साठेखत, त्या मालमत्तेत तुमचा कुठलाही हक्क आपोआप निर्माण करत नाही. इसार दिला म्हणजे घर "आपलं झालं" असं आपण नातेवाईकांना सांगतो, पेढे वाटतो. कायदा म्हणतो, अजून नाही. तुमच्या हातात आहे तो फक्त एक शब्द, जो समोरच्याला पाळायला लावण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

इसार आणि खरेदीखत यांच्या मधला हा काळ म्हणजेच अडेल विक्रेत्याचं मैदान.

कलम ५५ ह्याच काळासाठी आहे. ते वाचताना मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्यांनी अशा विक्रेत्यांचा चांगलाच अनुभव घेतला असणार. मालमत्तेत काही मोठा दोष असेल आणि तो खरेदीदाराला सहज कळण्यासारखा नसेल, तर विक्रेत्याने तो सांगायचा. मालकीचे कागद मागितले तर दाखवायचे. मालमत्तेबद्दल आणि मालकीबद्दल विचारलेल्या प्रश्नांची जमेल तितकी उत्तरं द्यायची. ठरलेली रक्कम मिळाली की योग्य वेळी, योग्य ठिकाणी खरेदीखतावर सही करायची. आणि करार ते ताबा या काळात घराची काळजी एखादा समजूतदार मालक घेईल तशी घ्यायची.

म्हणजे कागद दाखवणं हा विक्रेत्याचा मोठेपणा नाही, ते त्याचं काम आहे. "अहो, विश्वास नाही का आमच्यावर?" ह्या वाक्याला १८८२ पासून उत्तर तयार आहे.

त्याच कलमात खरेदीदाराच्या बाजूची एक ओळ आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते. तुम्ही किमतीपोटी आगाऊ दिलेल्या पैशांचा बोजा त्या मालमत्तेवर, विक्रेत्याच्या हिश्श्यापुरता, चढतो. अट एकच: ताबा घ्यायला तुम्ही स्वतः विनाकारण नकार दिलेला नसावा. म्हणजे इसार हवेत जात नाही.

पण भाडं कोणाचं?

आता मुद्दा येतो भाड्याने दिलेल्या घराचा. रिकामं घर विकणाऱ्याला उशिराचा थोडा तरी चटका बसतो, सोसायटीचा मेंटेनन्स, कर वगैरे भरत बसावं लागतं. भाडेकरू असलेल्या घरात मात्र उशीर विक्रेत्याला पैसे मिळवून देतो.

कारण कलम ५५ सांगतं की मालकी हस्तांतरित होईपर्यंत भाडं आणि उत्पन्न विक्रेत्याचं. हस्तांतरानंतर खरेदीदाराचं. समजा घराचं भाडं महिना १८,००० आहे आणि खरेदीखत सहा महिने लांबलं. विक्रेत्याला १,०८,००० रुपये बसल्या जागी मिळाले. त्याच सहा महिन्यांत तुमच्या बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपत आली, तुम्ही मोडलेल्या एफडीचं व्याज गेलं. उशीर एकच, पण एकाच्या खात्यात जमा आणि दुसऱ्याच्या खात्यात खर्च.

ह्याच कलमाच्या सुरुवातीला मात्र एक सुटका आहे. हे सगळं "उलट करार नसेल तर" लागू होतं. म्हणजे साठेखतात तुम्ही लिहून घेऊ शकता की अमुक तारखेनंतरचं भाडं किमतीतून वजा होईल. हे एक वाक्य त्या १,०८,००० ची दिशा बदलतं. ते लिहिलं नसेल तर कायद्याचा नेहमीचा नियम लागतो, आणि तो विक्रेत्याच्या बाजूने आहे.

दुसरं कलम १०९. भाडेपट्टा चालू असताना घर विकलं गेलं तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो. मात्र विक्रीआधीची थकबाकी त्याला आपोआप मिळत नाही. आणि भाडेकरूला विक्रीची कल्पना नसताना त्याने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर तेच भाडं त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. न्याय्यच आहे, त्या बिचाऱ्याने किती वेळा भरायचं? म्हणून खरेदीखत झालं त्याच दिवशी भाडेकरूला लेखी कळवणं हे खरेदीदाराचं स्वतःचं काम होऊन बसतं. विक्रेता ते करेल ह्या भरवशावर राहायचं नाही.

विक्रेता असा का झाला?

इथे थोडं थांबून विक्रेत्याच्या बाजूनेही बघूया. कारण महाराष्ट्रातल्या घरमालकाचा अडेलपणा फक्त स्वभावातून आलेला नाही. त्याला इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी चढली, आणि १९१८ साली भाड्यांवर बंधन घालणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा तसेच कायदे आले. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्यात प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० हा दिवस धरला गेला. त्या दिवशी जे भाडं होतं, साधारण तिथेच ते गोठलं. गिरणगावातल्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबासाठी हा कायदा म्हणजे छप्पर होतं, हे विसरून चालणार नाही. पण महागाई पुढे गेली आणि भाडं तिथेच राहिलं. मालकाला दुरुस्ती परवडेना. मग पागडी आली, टेबलाखालून, कारण असे पैसे घेणं ह्याच कायद्याने गुन्हा ठरवलं होतं.

भाडेकरू नको म्हणून मालकांनी लिव्ह अँड लायसन्सचा रस्ता काढला. सरकारने १९७३ साली तोही अडवला: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरू मानलं गेलं. एका रात्रीत परवानाधारकाचा भाडेकरू झाला. त्या पिढीच्या घरमालकांच्या मनात जी भीती बसली, ती आजही अनेक घरांत वारसाहक्काने चालत आलीये. "कागदावर काही नको" ही वृत्ती तिथली आहे.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य केली, पागडी कायदेशीर केली, आणि भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली.

खरेदीदारासाठी ह्यातून काय निघतं? तुम्ही भिंतींबरोबर विक्रेत्याची खुर्चीही विकत घेताय, आणि त्या खुर्चीसमोर कोण बसलंय हे आधी बघायला हवं. जुना पागडीचा भाडेकरू असेल तर तो घराबरोबर येतो, विक्रेत्याने कितीही सांगितलं की "दोन महिन्यांत निघेल". लिव्ह अँड लायसन्स असेल तर चित्र वेगळं. १८८२ च्याच ईझमेंट्स कायद्याचं कलम ५९ सांगतं की मालमत्ता विकली गेली तर नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही. पण भाडेकरूने दिलेलं डिपॉझिट विक्रेत्याच्या खिशात असतं. ते व्यवहारात नीट मिटवलं नाही, तर विक्रेता मोकळा होतो आणि दारात उभा राहतो तो माणूस तुमच्याकडे बघत असतो.

तीन निकाल, एकच धडा

आता कोर्टाकडे वळूया. विक्रेता अडून बसला तर "ठरल्याप्रमाणे विकून दे" असा आदेश खरेदीदार कोर्टाकडे मागू शकतो. हा हक्क आधी १८७७ च्या आणि मग १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात आहे. पण त्याची किल्ली एका अटीत आहे: करार पाळायला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार आणि राजी होतो, हे खरेदीदाराने दाखवायचं.

ह्या अटीमागचा गाजलेला निकाल मुंबईच्या मालमत्तेतूनच आला. अर्देशिर मामा विरुद्ध फ्लोरा ससून. फ्लोरा ससून म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर, १८९४ पासून, मुंबईत ससून पेढीचा कारभार बघणारी बाई. पुढे ती लंडनला गेली. तिच्या मुंबईतल्या मालमत्तेच्या विक्रीवरून वाद झाला आणि खरेदीदार कोर्टात गेला. आधी मागणी होती की मालमत्ता द्या. खटला चालू असताना त्याने भूमिका बदलली: मालमत्ता राहू दे, नुकसानभरपाई द्या. १९२८ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की ज्या क्षणी तू मालमत्ता नको म्हणालास, त्या क्षणी तुझी तयारी संपली, आणि तिच्यावर उभी असलेली भरपाईही गेली. विक्रेत्याला कंटाळून "जाऊ दे, पैसे परत दे" असं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी हा खटला आठवावा.

दुसरा निकाल दिल्लीचा. चांद राणी विरुद्ध कमल राणी. १९७१ सालचा घराचा करार, किंमत १,७८,००० रुपये. ३०,००० इसार दिला. ९८,००० "फक्त दहा दिवसांत" द्यायचे होते, उरलेले नोंदणीच्या वेळी. खरेदीदाराने भूमिका घेतली की आधी तुमच्याकडच्या गोष्टी पुऱ्या करा, मग ९८,००० देतो. अशी अट करारात त्या क्रमाने नव्हती. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की स्थावर मालमत्तेच्या करारात वेळ सहसा निर्णायक नसते, पण इथे शब्दांवरून ती निर्णायक होती. खरेदीदार हरला. "आधी तू, मग मी" हा क्रम भांडून ठरवता येत नाही, तो आधी लिहावा लागतो.

तिसरा आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचा. मदुराईतलं एक घर, डिसेंबर १९७८ चा करार, किंमत ६०,०००, इसार ५,०००, मुदत सहा महिने. खरेदीदाराचं म्हणणं असं की भाडेकरूला बाहेर काढून खरेदीखत करून द्या असं मी वारंवार सांगत होतो, विक्रेते फक्त हो हो म्हणत राहिले. ऐकायला ओळखीचं वाटतंय ना? प्रत्यक्षात अडीच वर्षं गेली आणि त्या काळात ह्या "सांगण्याचा" कागदोपत्री पुरावा नव्हता. दरम्यान किंमत तिप्पट झाली असं विक्रेत्यांनी सांगितलं. के. एस. विद्यानादम विरुद्ध वैरावन ह्या खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराला घर द्यायला नकार दिला.

मी ज्या धंद्यात आहे तिथे म्हणतात की लॉगमध्ये नाही म्हणजे घडलंच नाही. मदुराईच्या खरेदीदाराचं तेच झालं. तो खरं बोलत असेलही. फोनवर, चौकात, चहाच्या टपरीवर त्याने दहा वेळा सांगितलं असेल. पण अडीच वर्षांत वेळेवर गेलेलं एक पत्र नव्हतं. विक्रेत्याचा उशीर त्याने सहन केला, आणि शेवटी उशिराची किंमत त्यालाच मोजावी लागली.

अलीकडचे बदल

शहरांतल्या किमती इतक्या वेगाने वाढायला लागल्या की "वेळ निर्णायक नसते" हे तत्त्वच जुनं झालंय का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सारदामणी कंदप्पन खटल्यात उभा केला. वर्षभरात किंमत झेप घेत असेल तर उशीर म्हणजे नुसती गैरसोय राहत नाही, तो पैशाचा व्यवहार होतो.

मग २०१८ साली स्पेसिफिक रिलीफ कायदा बदलला. आधी विक्री पुरी करून द्यायचा आदेश देणं न्यायाधीशाच्या विवेकावर होतं. १ ऑक्टोबर २०१८ पासून अटी पुऱ्या होत असतील तर तो द्यायचाच, अशी भाषा आली. खरेदीदाराचं पारडं थोडं जड झालं. "तयार आणि राजी" ही अट मात्र तशीच आहे. आणि दावा लावायची मुदतही: करारात तारीख असेल तर तिच्यापासून तीन वर्षं, नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षं. म्हणजे करारात तारीखच नसेल, तर "नकार नेमका कधी दिला" ह्यावर वेगळं भांडण सुरू होतं, आणि तोंडाने कधीच नाही न म्हणणारा विक्रेता तिथेही वेळ काढतो.

एक महाराष्ट्रापुरती गोष्ट. दावा चालू असताना विक्रेत्याने तिसऱ्यालाच घर विकलं तर? कलम ५२ नुसार चालू दाव्यातला असा व्यवहार निकालाला बांधील असतो. पण आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीपासून एक जादा पायरी आहे: दावा चालू असल्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवावी लागते. ती मुंबईपासून सुरू झाली आणि पुढे राज्यभर आली. ही नोंद राहून गेली तर कलम ५२ चं संरक्षण हातातून निसटू शकतं.

मग श्रोत्याला काय सांगायचं?

ह्या सगळ्यातून मला जे दिसतं ते एवढंच. अडेल विक्रेत्यावर राग काढून १४० वर्षांत फारसं कुणी जिंकलेलं नाही. ह्या तीन खटल्यांतले तिन्ही खरेदीदार हरले, आणि त्यांना पाडलं त्यांच्याच वागण्याने: एकाने मध्येच मागणी बदलली, एकाने न लिहिलेली अट घातली, एक गप्प बसला.

म्हणून साठेखतात कामं क्रमाने आणि तारखांसकट यावीत: कागद कधी दाखवणार, डिपॉझिट कोणाकडून वळतं होणार, भाडं कुठल्या तारखेपासून कोणाचं, भाडेकरू राहणार की जाणार, आणि जाणार असेल तर कोणाच्या खर्चाने. साठेखत नोंदवलेलं असावं. उशीर झाला की दर वेळी एक छोटं, सभ्य पत्र जावं: "मी तयार आहे, पैसे तयार आहेत, तुमच्याकडून अमुक बाकी आहे." आवाज चढवायची गरज नाही. पत्राला तारीख असली की झालं.

आणि भाडेकरूला भेटा. विक्रेत्यामार्फत नको, त्याला सांगून पण स्वतः. ह्या पूर्ण इतिहासात दोन मालकांच्या भांडणात ज्याला कुणी विचारलं नाही तो तोच आहे, आणि घरात प्रत्यक्ष राहतोही तोच. त्याचा करार कुठला, डिपॉझिट किती, भाडं किती आणि कुठवर भरलंय, हे तो पाच मिनिटांत सांगतो. विक्रेता जे सहा महिने "बघतो" म्हणतोय, त्यातलं अर्धं उत्तर त्याच्याकडे असतं.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात पागडीचं अर्थकारण जरा खोलात बघूया, कारण त्यावरही मेल येऊन पडलेत. तोवर काळजी घ्या, भेटूच.